एका स्वल्पविरामाचा मागोवा

नागोठण्यातल्या आमच्या आळीतल्या एका आजीला मी मोबाइलसमोर बोलतं केलं. भातलावणीच्या आठवणी, अस्सल आगरीत. मुंबईच्या नातवंडांना ती बोली अर्धीमुर्धीच कळते, म्हणून खाली प्रमाण मराठीत ओळी दिल्या. त्या उपशीर्षकांची फाईल झाली एसआरटी. वेबपानाला हवी होती व्हीटीटी. मी नावाच्या शेपटीची तीन अक्षरं बदलली, माथ्यावर 'वेबव्हीटीटी' असं लिहिलं. आजी बोलत राहिली, खाली एक ओळ उमटेल तर शपथ!

घोळ स्वल्पविरामाचा होता. एसआरटीत वेळ लिहितात ००:०१:०५,२५० अशी. सेकंदांनंतर स्वल्पविराम, मग हजारांश. व्हीटीटीला त्या जागी टिंबच लागतं. मग मी सगळे स्वल्पविराम एका फटक्यात बदलले. ओळी दिसल्या, पण 'आई उठायची, चूल पेटवायची, मग शेतावर' याचं झालं 'आई उठायची. चूल पेटवायची. मग शेतावर'. आजीला धाप लागल्यासारखं.

एकाच फाईलमध्ये दोन घराण्यांचे स्वल्पविराम नांदत होते, हे तेव्हा लक्षात आलं. आजीच्या वाक्यातला आपल्याकडे आला एकोणिसाव्या शतकात. जुन्या मोडी कागदांत शब्दसुद्धा सुटे नसत, तिथे स्वल्पविराम कुठला? छापील मराठीत विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. वेळेतला स्वल्पविराम मात्र फ्रान्सचा. डीव्हीडीवरची उपशीर्षकं म्हणजे अक्षरं नव्हेत, चित्रं. त्यांतून अक्षरं ओळखून साध्या मजकुराची एसआरटी फाईल करणारा 'सबरिप' हा प्रोग्राम फ्रान्समध्ये लिहिला गेला, आणि तिथे दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविरामच वापरतात. २०१० मध्ये वेबसाठी हीच मांडणी 'वेबएसआरटी' म्हणून पुढे आली. तिचंच पुढे वेबव्हीटीटी झालं, आणि स्वल्पविरामाचं टिंब.

यांचा एक चुलता आहे, मायक्रोडीव्हीडी. तो सेकंद मोजतच नाही, चौकटी (फ्रेम) मोजतो. आपल्या दूरदर्शनच्या पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी, सिनेमाच्या अनेक प्रतींत २३.९७६. या हिशेबात गफलत झाली की दोन तासांच्या अखेरीस ओळी पाच मिनिटांनी मागे पडतात. नायिका मरून जाते आणि खाली तिचं प्रेमपत्र चालू! १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये ही भानगड नव्हती. फाळक्यांच्या पाट्या चित्रांच्या मधेच जोडलेल्या, त्या हलणार कुठे?

स्वल्पविरामांच्या दोन घराण्यांतला फरक कळतो तो 'एफएफएमपेग' या अवजाराला. वेळ वेगळी वाचायची, मजकूर वेगळा, मग नव्या साच्यात लिहायचं. संगणकाला आज्ञा द्यायच्या काळ्या खिडकीत एकच ओळ टाकायची: एफएफएमपेग -आय आजी.एसआरटी आजी.व्हीटीटी. (टाकताना अर्थात रोमनमध्ये.) २००० साली हे अवजार सुरू करणारा फाब्रीस बेलार्डही फ्रेंचच, स्वल्पविराम त्यांचा, उताराही त्यांचाच.

चित्ररूप उपशीर्षकांपुढे मात्र हे अवजार हात टेकतं. त्यांना आधी अक्षरं ओळखणारा प्रोग्रामच लागतो. जुन्या मराठी फाँटांत टंकलेला मजकूरही एफएफएमपेगला कळत नाही, आधी युनिकोड करून घ्या. आणि फाईल बदलून झाली की पहिली ओळ बघून समाधान मानू नका, शेवटची लावून पाहा. चौकटींची चूक तिथेच सापडते.