खेकड्यापासून बीजापर्यंत

'कर्करोग' हा शब्द आपण इतक्या सरावाने वापरतो की त्यातला खेकडा आपल्याला दिसेनासा झाला आहे. हा खेकडा मूळचा ग्रीक. हिपोक्रेटिसच्या परंपरेतील वैद्यांनी काही गाठींना 'कार्किनोस' म्हटले. लॅटिनमध्ये त्याचे 'कॅन्सर' झाले. स्तनातील गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात, असा या नावाचा उलगडा दुसऱ्या शतकात गेलनने केला. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत न पिकणाऱ्या मांसल गाठीला 'अर्बुद' म्हटले आहे आणि एका अर्बुदावर उगवणाऱ्या दुसऱ्याला 'अध्यर्बुद' असे वेगळे नाव आहे.

साहित्याचे अध्यापक म्हणून आम्हांला या इतिहासात एक गोष्ट विशेष महत्त्वाची वाटते : रोगाच्या प्रतिमेने शस्त्राची दिशा ठरवली.

बाल्टिमोरचे शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांच्या मते हा रोग केंद्रापासून सलगपणे भोवताली पसरत जातो. तसे असेल तर जितके दूरवर कापावे तितके बरे. १८९४ साली त्यांनी ५० रुग्णांवरील शस्त्रक्रियांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील लसीकाग्रंथी एकत्रच काढल्या जात. त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण घटले, म्हणून पद्धतीवर विश्वास बसला. खोल गेलेली छाती आणि सुजलेला हात ही तिची किंमत होती.

दुसरी प्रतिमा मात्र त्याआधीच, १८८९ साली छापली गेली होती. लंडनचे स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. यकृतात रोग वारंवार आढळला, प्लीहेत क्वचित. केवळ रक्तप्रवाह कारण असता तर एवढा फरक का पडावा? बीज चहूकडे पडते, पण मानवेल त्या मातीतच रुजते, असे त्यांनी सुचवले.

आजचे ज्ञान पॅजेट यांच्या बाजूचे आहे. मूळ गाठीपासून सुटलेल्या पेशी रक्त वा लसीका यांच्या वाहिन्यांत शिरतात. बहुतेक वाटेतच मरतात. थोड्या हाडांत, यकृतात, फुप्फुसांत, मेंदूत ठाण मांडतात, कधी वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात. पुढे हाड पोखरले जाऊन किरकोळ धक्क्याने मोडते, यकृताचे काम मंदावते आणि आहार वाढवूनही न थांबणारी झीज सुरू होते.

अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७१ साली दीड हजारांहून अधिक स्त्रियांची तुलनात्मक चाचणी सुरू केली. १९८५ मध्ये दहा वर्षांचे निष्कर्ष आले : मोठ्या शस्त्रक्रियेने आयुष्य अधिक लाभत नव्हते. तोवर कित्येक दशके, असंख्य स्त्रियांनी एका प्रतिमेची किंमत आपल्या देहाने मोजली होती.

सुझन सोंटॅग यांनी १९७८ साली 'इलनेस ॲज मेटफर' या पुस्तकात आजाराला रूपकांतून मुक्त करण्याची मागणी केली. ती आम्हांला अर्धीच पटते. पॅजेट यांचे बीजही रूपकच होते. फरक इतकाच की ते नोंदी मोजून सुचले होते. हॉल्स्टेड यांच्या रूपकाची तशी परीक्षा व्हायला मात्र जवळजवळ शतक लागले.