व्हॉट्स माय लाइन?

व्हॉट्स माय लाइन? : पाहुण्याचा व्यवसाय केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा उत्तरांवरून ओळखण्याचा, अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवरचा गाजलेला कार्यक्रम. २ फेब्रुवारी १९५० रोजी तो सुरू झाला आणि ३ सप्टेंबर १९६७ पर्यंत चालला. निर्माते मार्क गुडसन आणि बिल टॉडमन. सूत्रधार जॉन डेली. डेली मूळचे वार्ताहर. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याची बातमी त्यांनी रेडिओवरून दिली होती.

पाहुणा आत येई, फळ्यावर सही करी आणि डेलींच्या शेजारी बसे. त्याचा धंदा प्रेक्षकांना पडद्यावर वाचता येई, समोर बसलेल्या चौघा ओळखणाऱ्यांना मात्र तो ठाऊक नसे. प्रत्येक ‘नाही’ला पाहुण्याच्या नावे पाच डॉलर जमा होत; दहा ‘नाही’ झाले की तो जिंके. म्हणजे सर्वांत मोठे बक्षीस अवघे पन्नास डॉलर! गोडी होती ती प्रश्नांत. स्टीव्ह ॲलन यांनी वस्तूचा आकार काढून घेण्यासाठी विचारलेला ‘पावाच्या डब्याहून मोठी आहे का?’ हा प्रश्न तर अमेरिकेच्या रोजच्या बोलण्यात रुळला.

ओळखणाऱ्यांत स्तंभलेखिका डोरोथी किलगॅलन, अभिनेत्री आर्लीन फ्रान्सिस आणि ‘रँडम हाउस’चे सहसंस्थापक बेनेट सर्फ ही नावे कायमची झाली. सर्फ आले ते कवी लुई अंटरमायर यांच्या जागी. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून अंटरमायर यांना १९५१ मध्ये काढून टाकण्यात आले. या हसऱ्या कार्यक्रमाच्या इतिहासातला हा डाग पुसण्यासारखा नाही.

प्रसिद्ध पाहुणा आला की चौघांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली जाई आणि पाहुणे आवाज बदलून उत्तरे देत. चित्रकार साल्वादोर दाली १९५७ मध्ये आले, तेव्हा ते जवळपास प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणत सुटले. शेवटी डेलींनाच मध्ये पडावे लागले.

ब्रिटनमध्ये बीबीसीने १९५१ पासून हा खेळ आणला. जर्मनीत रॉबर्ट लेम्बके यांनी तो १९५५ ते १९८९ या काळात चालवला. तिथे पाहुणा आधी आपल्या कामातली हाताची एखादी हालचाल करून दाखवी आणि प्रत्येक ‘नाही’ला पाच मार्कांचे नाणे डुकराच्या आकाराच्या गल्ल्यात पडे. हाताच्या हालचालीची ही जोड मूळ खेळाहूनही सुंदर आहे, कारण तिच्यात श्रम डोळ्यांना दिसतात.

अमेरिकेत हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा हैदराबाद राज्यात असलेल्या परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात हा खेळ रंगलाच नसता. लोहार, सुतार, कुंभार, गुरव यांचे काम जन्माने ठरलेले आणि गावाला तोंडपाठ. त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या बलुतेदारीचे बारकाईने वर्णन आहे. जिथे धंदा निवडण्याची मुभाच नाही, तिथे ‘तुम्ही काय करता?’ या प्रश्नाला कुतूहलाची धार कशी येणार? मराठी मुलखात ओळखण्याची गंमत होती ती बहुरूप्याकडे. पोलिसाच्या वेशात तो दारात उभा राही, घरच्यांना दरडावी, आणि खरा कोण हे कळले की हसत बिदागी मागे. तिथे ओळखायचे असे ते सोंग, आणि सोंग आणणे हाच त्याचा पिढीजात धंदा.

सीबीएसवरच्या कार्यक्रमाच्या अखेरच्या भागात डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या चौघांसमोर गुप्त पाहुणे म्हणून बसले ते स्वतः जॉन डेली. पुढे १९६८ ते १९७५ या काळात कार्यक्रम नव्या सूत्रधारांसह चालू राहिला.