थांबावे किती, विचारावे कितीदा?

१६ जुलै २०२१ या दिवशी दुपारी एक वाजता महाराष्ट्राच्या दहावीचा निकाल संकेतस्थळांवर दिसणार होता. करोनाच्या साथीमुळे त्या वर्षी लेखी परीक्षा झालीच नव्हती. शाळांनी केलेल्या मूल्यमापनावरून निकाल लावला होता. पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थी, त्यांचे पालक आणि शिक्षक एकाच वेळी निकाल पाहू लागले आणि संकेतस्थळे ठप्प झाली. हा खोळंबा कित्येक तास चालला.

मुंबईतला विद्यार्थी असो की महाड तालुक्याच्या खाडीपट्ट्यातल्या तुडीलचा, पडद्यावर चक्र फिरत राहिले की प्रत्येक जण एकच गोष्ट करतो. थोडे थांबतो, कंटाळतो आणि पुन्हा बटण दाबतो. या साध्या कृतीत तीन प्रश्न दडलेले आहेत. उत्तर आले नाही तर किती वेळ थांबायचे? पुन्हा केव्हा विचारायचे? आणि विचारणे केव्हा सोडून द्यायचे? संगणकशास्त्रज्ञांना या तीन प्रश्नांनी पन्नासहून अधिक वर्षे गुंतवून ठेवले आहे. त्या शोधाची गोष्ट आम्ही येथे सांगणार आहोत.

ट्रंक कॉलचा काळ

थेट बाहेरगावचा नंबर फिरवण्याची एसटीडी सोय भारतात १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये सुरू झाली. ती गावोगाव पोचायला पुढे बरीच वर्षे लागली. तोवर मुंबईच्या चाकरमान्याशी बोलायचे तर ट्रंक कॉल 'बुक' करावा लागे. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग अशा चढत्या दराच्या त्याच्या प्रती होत्या. कॉल बुक करायचा आणि फोनपाशी बसून राहायचे. तासन्‌तास वाट पाहून कॉल लागला नाही, तर तो रद्द करायचा.

ही पद्धत कंटाळवाणी खरी, पण तिच्यात एक मोठी सोय होती. रांग ऑपरेटरच्या हाती असे. आपली नोंद त्याच्याकडे आहे, हे आपल्याला ठाऊक असे. पुन्हा पुन्हा विचारले तरी नोंद एकच राही आणि कॉल रद्द केला की ती खोडली जाई.

संगणकांच्या जाळ्यात असा ऑपरेटर नसतो. संदेशाचे लहान लहान तुकडे करून ते वाटेतल्या यंत्रांच्या हवाली केले जातात. वाटेत गर्दी झाली की एखादे यंत्र सरळ काही तुकडे टाकून देते. आपला तुकडा हरवला, असे आपल्याला कोणी कळवेलच असे नाही. त्यामुळे किती वेळ थांबायचे हे विचारणाऱ्यानेच ठरवावे लागते. ठरवलेली मुदत संपली की तिला 'टाइमआऊट' झाला म्हणतात.

हवाई बेटांवरचा धडा

१९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अलोहा' हे जाळे सुरू केले. वेगवेगळ्या ठिकाणची यंत्रे एकाच रेडिओ लहरीवरून मुख्य संगणकाकडे संदेश पाठवत. दोघांनी एकदम पाठवले की दोन्ही संदेश एकमेकांत मिसळून वाया जात. मग पोच येत नसे.

पोच आली नाही तर पुन्हा पाठवायचे, हे उघड आहे. पण केव्हा? दोघेही बरोबर एक सेकंद थांबले तर एका सेकंदानंतर पुन्हा टक्कर होणार. अरुंद दारात समोरासमोर आलेली दोन माणसे एकाच वेळी एकाच बाजूला सरकतात, तसेच. अलोहाचा उपाय असा की प्रत्येकाने किती थांबायचे ते जणू चिठ्ठी टाकून ठरवावे. बेभरवशाची वाटणारी यदृच्छा येथे शिस्त आणते! मात्र या पद्धतीत लहरीच्या क्षमतेपैकी जास्तीत जास्त १८ टक्केच वापर होऊ शकतो, असेही गणिताने दिसून आले.

१९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासह ती प्रत्यक्षात आणली. इथरनेटच्या नियमांत एक सुंदर भर पडली. टक्कर झाली की प्रतीक्षेची कमाल मर्यादा दुप्पट करायची. पहिल्या टकरीनंतर ० किंवा १ घटका, दुसऱ्यानंतर ० ते ३, तिसऱ्यानंतर ० ते ७. येथे घटका म्हणजे सेकंदाचा फार लहान अंश. वारंवार टक्कर होणे म्हणजे गर्दी फार असणे. तेव्हा गर्दी जितकी जास्त, तितका धीर जास्त. आणि सोळा प्रयत्न फसले की नाद सोडायचा व वरच्याला तसे कळवायचे. आपल्या तिन्ही प्रश्नांची पहिली नीटस उत्तरे येथे दिसतात.

किती थांबणे योग्य?

एका केबलवरची यंत्रे जवळजवळ असतात. जगभराच्या जाळ्यात मात्र अंतराचा प्रश्न येतो. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. तुडील ते मुंबई हे अंतर पावणेदोनशे किलोमीटर धरले, तर जाऊन परत यायला प्रकाशाला २ सहस्रांश सेकंदही लागत नाहीत. तेच काम सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर उपग्रहामार्फत झाले, तर प्रश्न वर जाऊन खाली येणार आणि उत्तरही तसेच. एकूण १ लाख ४४ हजार किलोमीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद. मग सर्वांसाठी एकच मुदत कशी चालेल?

म्हणून इंटरनेटचा पाया असलेल्या टीसीपी या नियमावलीत (१९८१) संगणकाने मागच्या फेऱ्यांना लागलेला वेळ मोजावा, त्याची सरासरी काढावी आणि त्याहून थोडे जास्त थांबावे असे ठरले. हे पुरेसे वाटत होते. पण गर्दीच्या वेळी अशा जाळ्यांचा श्वास कोंडेल, असा इशारा जॉन नेगल यांनी १९८४ मध्ये दिला होता. तो ऑक्टोबर १९८६ मध्ये खरा ठरला. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचे कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्ड. त्यांच्यामधला दळणवळणाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. ४० बिट म्हणजे सेकंदाला पाच इंग्रजी अक्षरे!

तार तुटली नव्हती, यंत्रही बिघडले नव्हते. गर्दीमुळे तुकडे उशिरा पोचत होते. पाठवणाऱ्या संगणकांना वाटले ते हरवले, म्हणून त्यांनी तेच तुकडे पुन्हा पाठवले. त्याने गर्दी वाढली, उशीर वाढला आणि आणखी प्रती निघाल्या.

व्हॅन जेकबसन यांनी मायकेल कॅरल्स यांच्यासह या दुखण्याचा शोध घेतला आणि १९८८ मध्ये आपला गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. नुसती सरासरी पुरत नाही, चढउतारही मोजा, हा त्यातला एक धडा. एसटीचे उदाहरण घेऊ. एक गाडी रोज ९ ते ११ मिनिटे उशिरा येते. दुसरी कधी वेळेवर, तर कधी २० मिनिटे उशिरा. दोहोंचा सरासरी उशीर १० मिनिटेच. पण पहिली पंधरा मिनिटांत आली नाही तर चौकशी करणे रास्त, दुसरीसाठी मात्र ती घाई ठरेल. दुसरा धडा असा, की तुकडा हरवला ही गर्दीची खूण समजा आणि आपला वेग तत्काळ कमी करा.

आणखी एक बारकावा १९८७ मध्ये फिल कार्न आणि क्रेग पार्ट्रिज यांनी दाखवला. तुम्ही मुंबईला पत्र पाठवले, आठ दिवसांनी पुन्हा तेच पत्र पाठवले आणि दहाव्या दिवशी उत्तर आले. उत्तराला दहा दिवस लागले की दोन? सांगता येत नाही. म्हणून पुन्हा पाठवलेल्या तुकड्याचा वेळ सरासरीत धरूच नये!

पंधरा लाखांचे गणित

टीसीपीने तुकड्यांचा प्रश्न सोडवला. पण त्यावर बसलेला माणूस आणि त्याचा ब्राउझर यांच्या अधीरतेचे काय? निकालाच्या दिवसासाठी एक काल्पनिक गणित मांडू. समजा, संगणक सेकंदाला १ हजार निकाल देऊ शकतो आणि १५ लाख जणांनी एकदम विचारले. सर्वजण शांत बसले, तर १५०० सेकंदांत, म्हणजे २५ मिनिटांत सर्वांना निकाल मिळेल.

आता समजा, प्रत्येक जण १० सेकंदांनी कंटाळून पुन्हा बटण दाबतो. पहिल्या १० सेकंदांत १० हजार जणांचे काम होते. उरलेले १४ लाख ९० हजार आपली जुनी विनंती सोडून नवी करतात. पण जुन्या विनंत्या रांगेतच आहेत. त्यांना वाली उरलेला नाही, हे संगणकाला माहीत नाही. तो इमानाने त्यांची उत्तरे तयार करत राहतो आणि ती घेणारे कोणीच नसते. नव्या विनंत्या रांगेच्या शेपटाशी असतात. त्यांची पाळी येण्याआधीच त्याही सोडून दिल्या जातात. पंचवीस मिनिटांचे काम कधीच संपत नाही! संगणक पूर्ण वेळ राबतो आहे आणि निकाल कोणालाच मिळत नाही, अशी ही अवस्था.

यावर उपाय दोन्ही बाजूंनी करावे लागतात. विचारणाऱ्या प्रोग्रामने दर फसलेल्या प्रयत्नानंतर प्रतीक्षा दुप्पट करावी आणि तिच्यात थोडी यदृच्छा मिसळावी. हा अलोहा व इथरनेटचाच वारसा. उत्तर देणाऱ्याने रांग आवाक्यात ठेवावी आणि न झेपणाऱ्याला लगेच 'आता नाही, अमुक वेळाने या' असे सांगावे. वेबच्या नियमांत ५०३ या क्रमांकाचे उत्तर याचसाठी आहे. त्यासोबत 'किती वेळाने या' हेही कळवता येते. खोट्या आशेपेक्षा वेळेवर दिलेला नकार बरा.

'थांबा' म्हणण्याचा इतिहास

रद्द करणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. १९९३ च्या मोझेक ब्राउझरमध्ये कोपऱ्यात पृथ्वीचा गोल फिरत असे. त्यावर क्लिक केले की पान येणे थांबे. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरातून एक सोय आली. पूर्ण पान न बदलता पानातूनच छोट्या विनंत्या करता येऊ लागल्या आणि त्या सोडूनही देता येत. २०१५ मध्ये तिची जागा घ्यायला 'फेच' ही सुटसुटीत पद्धत आली, पण तिच्यात रद्द करण्याची सोयच नव्हती!

कारण तत्त्वाचे होते. फेच एक 'वचन' देते: उत्तर आले की मिळेल. हे वचन प्रोग्रामचे अनेक भाग वाटून घेऊ शकतात. त्यांपैकी एकाने रद्द म्हटले तर बाकीच्यांचे काय? वाचनालयातले वर्तमानपत्र एका वाचकाला नकोसे झाले, म्हणून ते बंद करता येत नाही. बरीच चर्चा झाली, एक प्रस्ताव २०१६ च्या अखेरीस मागे घेतला गेला आणि २०१७ मध्ये तोडगा निघाला. थांबवण्याची किल्ली वचनापासून वेगळी करायची आणि ती विनंती करणाऱ्याकडेच ठेवायची. या किल्लीचे नाव 'अबॉर्ट कंट्रोलर'. ठरावीक मुदतीनंतर आपोआप थांबवणारी सोय तिला २०२२ मध्ये जोडली गेली.

तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. थांबवल्याने आपले ऐकणे थांबते. पेटीत टाकलेले पत्र त्यामुळे परत येत नाही.

दोनदा विचारले तर?

समजा, रायगडावर एक तुकडी आहे आणि समोरच्या लिंगाण्यावर दुसरी. जासूद निरोप घेऊन गेला आणि परतला नाही. निरोप पोचण्याआधीच तो अडला की पोचवून परत येताना? रायगडावरून हे कळायला मार्ग नाही. उत्तर न आलेल्या प्रत्येक विनंतीचे असेच असते.

म्हणून पुन्हा विचारण्याआधी विनंतीचा स्वभाव पाहावा लागतो. गणितात कोणत्याही संख्येचे केवलमूल्य काढा. त्याचे पुन्हा केवलमूल्य काढले तरी उत्तर तेच राहते. 'दार लाव' हा हुकूमही तसाच. 'माझा निकाल दाखव' हे कितीदाही विचारले तरी बिघडत नाही. पण 'शंभर रुपये पाठव' हे दोनदा म्हटले तर दोनशे जातात. भरलेला फॉर्म पुन्हा पाठवताना ब्राउझर 'खरोखर पुन्हा पाठवायचे का?' असे विचारतो, ते याचसाठी. यावर उपाय म्हणजे प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक देणे. तोच क्रमांक पुन्हा आला तर काम पुन्हा करायचे नाही, जुनेच उत्तर द्यायचे. ट्रंक कॉलच्या ऑपरेटरची वहीच ही!

भारतीय रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये अशा अडकलेल्या व्यवहारांना मुदत घातली. यूपीआयने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले पैसे खात्यातून गेले आणि पलीकडे जमा झाले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यावेत, नाहीतर उशिराच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळावी. टाइमआऊट येथे कायद्याच्या भाषेत आला.

वर्गात करून पाहा

दहा विद्यार्थ्यांना एकेक चिठ्ठी द्या. शिक्षकांच्या प्रत्येक टाळीला प्रत्येकाने नाणे उडवावे आणि छाप पडल्यास हात वर करावा. नेमका एकच हात वर असेल तर ती चिठ्ठी घ्यावी, एरवी टक्कर समजावी. किती टाळ्या लागतात? दहा जणांत एकच हात वर असण्याची शक्यता १०/१०२४, म्हणजे सुमारे १ टक्का. आता नाण्याऐवजी फासा टाका आणि सहा पडले तरच हात वर करा. शक्यता सुमारे ३२ टक्के होते! मात्र दोनच विद्यार्थी उरले की नाणे बरे: नाण्याने ५० टक्के, फाशाने सुमारे २८. म्हणजे धीर गर्दीच्या मापाचा हवा. मुलांनी हे नियम स्वतः शोधून काढले तर उत्तमच.

निकालाच्या त्या खोळंब्यानंतर सहाच दिवसांनी, २२ जुलै २०२१ रोजी, महाड शहर पुरात बुडाले आणि तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. वीज आणि मोबाइल सेवा बंद पडल्या होत्या. अशा वेळी जे मनोरे चालू असतात त्यांच्यावर साऱ्या नातेवाइकांच्या फोनचा भार पडतो, आणि लागत नाही म्हणून जो तो पुन्हा पुन्हा फोन लावतो. त्यापेक्षा एक एसएमएस पाठवावा. त्याला जागा फार थोडी लागते. तो केंद्रात साठवला जातो आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत केंद्रच तो पोचवण्याचा प्रयत्न करत राहते. आपण वाट मोकळी ठेवली, तर दरडीखालून कोणी केलेला फोन लागण्याची शक्यता वाढते. पावसाळ्यापूर्वी एवढी एक गोष्ट प्रत्येक शाळेत सांगितली जावी, असे आम्हाला वाटते.