भंगारातून आलेला हक्क

इंग्लंडात लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू विकून सेवाभावी संस्था पैसा उभा करतात. ऑक्सफॅमचं ऑक्सफर्डमधलं दुकान १९४०च्या दशकातलं. आपल्याकडे रीत निराळी: रद्दी तोलून द्यायची, पैसे मोजून घ्यायचे! त्या रद्दीच्या साखळीच्या तळाशी होत्या कचरा वेचणाऱ्या बाया, बहुतेक दलित. हाताला काचा लागायच्या, शिवाय भंगारवाला वजनात मारायचा.

१९९३ मध्ये डॉ. बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पंचायतीनं पुढे स्वतःचं भंगार दुकान काढलं. नाव ठेवलं ‘कष्टाची कमाई’.

पण दवाखान्याचं काय? आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, आम्हाला रस आहे तो पंचायतीच्या युक्तिवादात. दान मागता आलं असतं. पंचायतीनं हिशेब मांडला: या बाया कचरा उचलतात, म्हणून महापालिकेचा तो वाहून नेण्याचा खर्च वाचतो, मग त्यांच्या आजारपणाचा वाटा पालिकेनं उचलावा. २००२-०३च्या सुमारास पालिका नोंदणीकृत वेचकांच्या वैद्यकीय विम्याचा हप्ता भरू लागली. नोंदणीकृत, हा शब्द महत्त्वाचा. पालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रं पंचायतीनं नव्वदच्या दशकातच मिळवून ठेवली होती.