हौदावरची रांग

कात्रजहून शहरात येणाऱ्या वाटेवर अजून एखाददुसरा उच्छ्वास तग धरून आहे. दगडविटांचा चौकोनी मनोरा, सांध्यांतून डोकावणारा पिंपळ, बुंध्याशी टेकवलेल्या स्कूटरी आणि अंगावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स. येणाऱ्याजाणाऱ्याला ते पडीक देऊळ वाटतं. मलाही कुणी सांगितलं नसतं तर वाटलं असतं. पण मला आत्या होती.

1749च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला बांध घातला आणि चुनेगच्ची बंदिस्त नळातून पाणी पुण्यात आणलं. सगळा खेळ उताराचा. माणूस आत उतरून गाळ काढू शकेल एवढा मोठा नळ. त्यात कोंडलेली हवा आणि दाब या मनोऱ्यांतून मोकळा व्हायचा. पाणी पेठापेठांतल्या हौदांत पडायचं. फडके हौद, काळा हौद, बदामी हौद, साततोटी. आज रिक्षावाला नेमका चौकात सोडतो, हौद मात्र शोधावा लागतो.

12 जुलै 1961ला पानशेत धरण फुटलं, मागोमाग खडकवासला. आत्या तेव्हा नवी नवरी. पूर ओसरल्यावर घरात मांडीएवढा चिखल आणि नळाला थेंब नाही. "मग आठवण झाली हौदाची," ती सांगायची. "पितळी कळशी, डालड्याचा डबा, मिळेल ते घेऊन लोक रांगेत. दोनशे वर्षांमागचं पाणी पावलं रे आपल्याला!" हे सांगताना तिच्या आवाजात नानासाहेब जणू सख्खे चुलते असल्याचा रुबाब असे.

गोष्ट खरी आहे, अर्धी. हे पाणी गावाचं म्हणायचं, पण हौदाला शिवायची मुभा गावातल्या सगळ्यांना नव्हती. 1868 साली जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो उगाच नव्हे. त्या घराचं आता स्मारक झालंय. पेशव्यांच्या खुणा धुंडाळत पेठा तुडवणारे हौशी लोक तिथवर क्वचितच जातात. पाण्याचा इतिहास बघायचा तर खरं म्हणजे तिथूनच निघायला हवं.

एकदा मी आत्याला विचारलं, "पुरानंतरच्या त्या रांगेत सगळे होते?"

"होते की. तेव्हा कोण बघत बसलंय?" ती निवडत असलेली मेथी तशीच हातात राहिली. मग म्हणाली, "एरवी बघायचे."