आठवण करून देण्याचा अधिकार

योहानाच्या नावावर असलेले तिसरे पत्र नव्या करारातले सर्वांत छोटे लेखन म्हणता येईल. त्यात स्वतःला केवळ 'वडील' म्हणवणारा लेखक दियत्रफेस नावाच्या पुढाऱ्यावर नाराज आहे. दियत्रफेस त्याला जुमानत नाही, त्याच्याविषयी वाईटसाईट बोलतो, गावोगाव फिरणाऱ्या बांधवांना घरात घेत नाही आणि जे घेऊ पाहतात त्यांना मंडळीबाहेर काढतो. यावर वडील लिहितो की मी तिथे आलो म्हणजे त्याच्या कृत्यांची आठवण करून देईन. इथे 'हुपोमिम्नेस्को' हे ग्रीक क्रियापद आहे. या वाक्यात विसरलेले असे काहीच नाही. ही कृत्ये अजून चालू आहेत आणि सगळ्या मंडळीच्या डोळ्यांदेखत चालू आहेत. मग आठवण कशाची? उघड आहे की लेखकाला म्हणायचे आहे ते असे: सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट मी सर्वांसमोर मांडीन आणि तिचा निवाडा टाळता येणार नाही असे करीन. नव्या करारात हे क्रियापद फक्त ७ वेळा येते, पण त्या सातही जागा समजायच्या तर या पत्राला अग्रक्रम द्यावा असे मला वाटते. आठवण करून देणे हे त्या काळी स्मरणशक्तीला केलेले साहाय्य नव्हते. ते अधिकाराने, चारचौघांत केलेले कृत्य होते आणि ऐकणाऱ्यावर ते बंधन घालत असे.

ही कल्पना ख्रिस्ती लेखकांनी शून्यातून निर्माण केली नाही. हिब्रू शास्त्रांत ती जुनी आहे. तुरुंगातला योसेफ प्यालेबरदाराला विनवतो की सुटल्यावर फारोपाशी माझे नाव काढ. राजापुढे नाव निघणे म्हणजे सुटकेची वाट उघडणे, हा त्या विनवणीचा अर्थ आहे. उलट सारफथची विधवा मुलगा दगावल्यावर एलीयाला विचारते की माझ्या पापांची आठवण करून द्यायला आलास काय. तिच्या दृष्टीने पाप आठवले जाणे आणि शिक्षा होणे यांत अंतरच नाही. या दोन्ही ठिकाणी आलेल्या हिब्रू धातूवरूनच दरबारातल्या एका अधिकाऱ्याचे नाव पडले: मझ्कीर, म्हणजे शब्दशः आठवण करून देणारा. दावीद आणि शलमोन यांच्या दरबारात अहीलुदाचा मुलगा यहोशाफाट या पदावर होता. हिज्कीयाच्या काळात अश्शूरच्या सेनेने यरुशलेमला वेढा घातला, तेव्हा शत्रूच्या दूताशी बोलायला जे तिघे बाहेर गेले त्यांत आसाफाचा मुलगा यवाह हा मझ्कीर होता. नुसता टिपणे ठेवणारा कारकून असता तर अशा वेळी तो वेशीबाहेर कशाला गेला असता?

या पदाचे ग्रीक नाव काय करावे, याचे उत्तर सप्तती या हिब्रू शास्त्रांच्या ग्रीक भाषांतरात एकच नाही. यहोशाफाटाला एका ठिकाणी 'हुपोमिम्नेस्कोन', म्हणजे आठवण करून देणारा, म्हटले आहे. दुसरीकडे तो स्मरणलेखांवर नेमलेला अधिकारी होतो. तिसरीकडे त्याला 'हुपोम्नेमातोग्राफोस', म्हणजे स्मरणलेख लिहिणारा, हे नाव मिळते. हे शेवटचे नाव भाषांतरकारांनी घडवलेले नव्हते. टॉलेमी राजांच्या इजिप्तमध्ये ते खरोखरच्या अधिकाऱ्याचे पद होते, आणि भूगोलकार स्ट्राबो अलेक्झांड्रियाच्या चार स्थानिक अधिकाऱ्यांत त्याची गणना करतो. 'हुपोम्नेमा' हा शब्द तर इजिप्तच्या कोरड्या वाळूतून निघालेल्या पपायरसांत पदोपदी भेटतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात झेनोन नावाचा गृहस्थ टॉलेमीच्या अर्थमंत्र्याचा जमीनजुमला पाहत असे. फय्यूममधल्या फिलाडेल्फिया येथील त्याच्या दप्तरातून दीड हजारांहून अधिक कागद मिळाले आहेत. थकलेली मजुरी, पळवलेली जनावरे, अडकलेली परवानगी अशा तक्रारी घेऊन माणसे त्याला हुपोम्नेमा देत. रोमन काळात अधिकाऱ्यांच्या रोजच्या कामकाजाची नोंदही याच कुळातल्या नावाने ओळखली जाई आणि खटल्यांत तिचे उतारे पुरावा म्हणून दाखल होत. अर्ज, नोंद, पुरावा या सगळ्यांत स्मरण म्हणजे हालचाल करायला लावणारा कागद.

यावर भाषाशास्त्राची एक हरकत येते आणि ती हलक्याने घेण्यासारखी नाही. 'हुपो' म्हणजे खालून, म्हणून हे क्रियापद खोलातून आठवण वर काढते, अशी प्रवचने पुष्कळ होतात. जेम्स बार यांनी १९६१ साली बायबलच्या शब्दार्थांवर लिहिलेल्या पुस्तकात अशा व्युत्पत्तीच्या खेळावर कडाडून टीका केली, आणि ती योग्यच होती. उपसर्गाचा मूळ अर्थ वापराने झिजतो. एकाच मझ्कीर पदासाठी सप्ततीत कुठे 'हुपो' तर कुठे 'आना' उपसर्गाचे रूप येते. कोंबडा आरवल्यावर पेत्राला येशूचे बोलणे आठवते, तिथे मत्तयाने साधे क्रियापद वापरले, मार्काने 'आना' लावले आणि लूकाने 'हुपो'. यातून तीन निरनिराळी मनोव्यापारशास्त्रे उभी करणे चूक आहे. म्हणून इथला युक्तिवाद उपसर्गावर उभा नाही, वापरावर आहे: कोण कोणाला, कुठे आणि कशासाठी आठवण देतो. लूकाच्या प्रसंगातही तेच पाहावे. आठवण होण्याआधी प्रभूने वळून पेत्राकडे पाहिले, ही गोष्ट तो एकटाच सांगतो. आठवण तिथे आपसूक येत नाही. ज्याला नाकारले त्याच्या समोर ती येते.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. तुम्हाला हे ठाऊकच आहे, तरी आठवण देतो, असे म्हणणे ही त्या काळच्या ग्रीक-रोमन नीतिवक्त्यांची रीत होती. डिओ क्रिसोस्टोम एका भाषणात सांगतो की वैद्य आणि सुकाणू धरणारा आपल्या आज्ञा पुन्हापुन्हा सांगतात, पहिल्याच वेळी त्या ऐकू गेलेल्या असल्या तरीही. सेनेकाच्या चौऱ्याण्णवाव्या पत्रातही असाच मुद्दा आहे: उपदेश शिकवत नसला तरी लक्ष जागे करतो आणि स्मरण धरून ठेवतो. मग पौलाने रोमच्या मंडळीला थोडे धीटपणे लिहिले ते आठवण म्हणून, असे म्हटले, ते सौजन्यच नव्हे काय? ती मंडळी त्याने स्थापलेली नव्हती, तेव्हा सौजन्य होते हे मी मान्य करतो. पण त्याच वाक्यात तो आपल्याला मिळालेल्या कृपेचा, म्हणजे नेमणुकीचा, आधार देतो. तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात आठवण करून दे या आज्ञेपाठोपाठ देवासमोर बजावून सांग असे येते. ही साक्षीची भाषा आहे. तीताला सांगितले जाते की लोकांना सत्ताधीशांच्या अधीन राहण्याची आठवण दे. आणि यहूदा, वाचकांना सारे एकदाच कायमचे ठाऊक आहे असे म्हणून, लगेच मिसर देशातून सुटलेल्या आणि नंतर अविश्वासामुळे नष्ट झालेल्या पिढीचा दाखला पुढे ठेवतो. ठाऊक असणे ही सबब राहत नाही, उलट जबाबदारी वाढते. नीतिवक्त्यांचा सूर या लेखकांनी उचलला, पण त्यामागे निवाडा करणारा देव उभा केला.

खरी अडचण पेत्राच्या दुसऱ्या पत्रात आहे. तिथे मरणाच्या उंबरठ्यावरचा प्रेषित म्हणतो की या देहात आहे तोवर तुम्हाला आठवण देऊन जागे ठेवणे मला योग्य वाटते, आणि मी गेल्यावरही तुम्हाला स्मरण करता येईल अशी तजवीज करीन. बहुतेक अभ्यासक हे पत्र पेत्राच्या मृत्यूनंतर दुसऱ्या कोणी लिहिले असे मानतात. मग स्मरणाची ही भाषा म्हणजे नवी शिकवण जुन्या नावावर खपवण्याची युक्ती ठरते, असे म्हणता येईल. पत्राच्या कर्तृत्वाविषयीचे त्यांचे मत मला पटते. निष्कर्ष मात्र पटत नाही. आठवण देतो असे म्हणणारा माणूस ऐकणाऱ्यांना पारखण्याचे साधन स्वतःच हाती देतो. आपण हे कधी ऐकलेच नाही असे मंडळी म्हणू शकली असती तर त्याचा दावा तिथेच कोसळला असता. नवे प्रकटन सांगणाऱ्याला हा धोका नसतो. त्या पत्राचा लेखक नव्या, चतुराईने रचलेल्या कथांविरुद्ध लिहीत होता, म्हणून त्याने जाणूनबुजून ही धोक्याची वाट घेतली.

योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्मा शिष्यांना सर्व शिकवील आणि येशूने सांगितलेल्या सर्वांची आठवण करून देईल असे वचन आहे. तिथे शिकवणे आणि आठवण देणे एका दमात येतात. नवे आणि जुने यांची ती सरमिसळ नव्हे. येशू उठल्यानंतरच शिष्यांना मंदिराविषयीचे बोल आठवले आणि त्यांचा अर्थ लागला, असे हेच शुभवर्तमान आधी सांगून ठेवते. शब्द तेच राहिले. ते ज्या घटनेच्या उजेडात ऐकायचे ती घटना मधल्या काळात घडली.

पेत्राच्या दुसऱ्या पत्रातली तजवीज म्हणजे अर्थात लेखन. प्लेटोच्या फीद्रसमध्ये थामूस राजा लेखनविद्येला नेमका हाच दोष देतो की ती स्मृती देत नाही, फक्त हुपोम्नेसिस, म्हणजे बाहेरून मिळणारी आठवण, देते. ख्रिस्ती मंडळ्यांनी ज्याला प्लेटोने दुय्यम ठरवले तेच हाती धरले, कारण साक्षीदारांची पिढी संपत होती. युसेबियस सांगतो की पेत्राचे श्रोते मार्काला विनवत राहिले की आम्हाला तोंडी मिळालेल्या शिकवणीचा लेखी हुपोम्नेमा ठेवून जा. इसवी सन १५५च्या सुमारास रोममध्ये जस्टिन मार्टरने रविवारच्या सभेचे वर्णन लिहिले. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांची लेखने वेळ असेल तितकी वाचली जातात, मग वाचणारा थांबतो, आणि अध्यक्ष उठून या चांगल्या गोष्टींप्रमाणे वागा असे तोंडी बजावतो. वाचन झाल्यावरही मझ्कीराचे काम उरते, असे या सभेने धरले होते.