पोटावरचे छोटे दार

उरणजवळच्या द्रोणागिरी डोंगराची एक लोककथा आहे. लक्ष्मणासाठी हनुमान संजीवनीचा पर्वत नेत असता त्याचा एक तुकडा येथे पडला, असे सांगतात. औषध दूर असले की काय धावपळ होते, हे मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांना चांगले ठाऊक असते. यंत्राने रक्त शुद्ध करून घ्यायला त्यांना सहसा आठवड्यातून तीनदा रुग्णालय गाठावे लागते. हेच काम घरी करता येईल का?

१९२३ साली जर्मनीत गेओर्ग गान्टर यांनी पोटाच्या पोकळीचे अस्तर, म्हणजे उदरावरण, गाळणीसारखे वापरून पाहिले. पोटात द्रावण सोडायचे, रक्तातला युरिया विसरणाने त्यात उतरू द्यायचा आणि मग ते काढून टाकायचे. तत्त्व सोपे होते. अडचण होती ती भोकाची! दरवेळी नवी नळी खुपसणे त्रासाचे. नळी तशीच ठेवावी तर तिच्या कडेने जंतू आत शिरत.

यावर १९६८ मध्ये सिअ‍ॅटलच्या हेन्री टेंकहॉफ यांनी तोड काढली. सिलिकॉनच्या मऊ नळीवर त्यांनी डेक्रॉनचे दोन पट्टे बसवले. शरीरातील ऊतक या पट्ट्यांत वाढते, नळी घट्ट धरते आणि जंतूंची वाट अडवते. १९७६ मध्ये पोपोविच आणि मॉन्क्रिफ यांनी द्रावण दिवसभर पोटात ठेवण्याची पद्धत मांडली. १९७८ मध्ये टोरांटोत ओरिओपूलस यांनी काचेच्या बाटल्यांऐवजी प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरल्या. आता रुग्ण घरीच द्रावण बदलू शकत होता.

तरीही नळी त्वचेबाहेर येते ते दार नाजूकच राहिले. तेथे पू दिसला तर तो संसर्ग समजावा, मग लाली असो वा नसो. नुसती लाली मात्र नळी ओढली गेल्याने किंवा अ‍ॅलर्जीनेही येते. पू तपासून जंतू ओळखतात व त्यानुसार प्रतिजैविक देतात. स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि स्यूडोमोनास हे त्यांतले चिवट. संसर्ग नळीच्या कडेने आत पसरून उदरावरणापर्यंत पोहोचला, तर बहुधा नळीच काढावी लागते. म्हणून पू दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. घरगुती लेप लावून वाट पाहू नये.

प्रतिबंधासाठी या जागी रोज प्रतिजैविक मलम लावतात. त्यांपैकी म्युपिरोसिन हे स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स या जंतूपासूनच मिळाले. एका जंतूचे अस्त्र दुसऱ्यावर!

केंद्र सरकारने २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. २०१९ मध्ये त्यात घरी करावयाच्या या पद्धतीसाठीही मार्गदर्शक सूचना आल्या. पण सूचना आणि पिशव्या घरी पोहोचल्या तरी काम संपत नाही. साबणाने हात धुणे, नळी चिकटपट्टीने स्थिर ठेवणे आणि ते दार रोज उजेडात पाहणे, हे घरच्यांनाच करावे लागते. विसरण शिकवताना शाईचा थेंब आपण दाखवतोच. त्याबरोबर हेही सांगता येईल.